सरळ रेघेत गेलेला गोठा

"माझा गोठा कुठं हाय, ते दाखव आदी."

सरपंचांच्या मावशी वर्कशॉपात शिरल्या त्या थेट माझ्या कॉम्प्युटरपुढे येऊन उभ्या राहिल्या. मागे सरपंच, चेहरा पाडून. सेनगाव तालुक्यातलं गाव. नाव लिहीत नाही, कारण मला तिथे अजून जायचं असतं.

हिंगोलीत आमचं शीट कटिंगचं वर्कशॉप आहे. मी कॉम्प्युटरवर डिझाइन काढते, मशीन ते लोखंडी पत्र्यातून कापतं. या गावाने फाट्यावर उभी करायची पाटी मागवली होती. पाटीवर गावाचा नकाशा, पत्र्यातून आरपार कापलेला. रस्ता म्हणजे लांब फट, इमारती म्हणजे चौकोनी भोकं. पाटी दोनच दिवसांपूर्वी उभी राहिली होती.

"मावशी, गोठा मी स्वतः काढला होता," मी म्हणाले.

"मंग गेला कुठं? म्हशी सोडून पळाला?"

मी फाइल उघडली आणि मला कळलं.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये कन्स्ट्रेंट नावाची सोय असते. म्हणजे रेघेला घातलेली अट. 'तू आडवीच राहायचं' अशी अट घातली की रेघ कितीही ओढा, आडवीच राहते. गेट, खिडकीची जाळी काढताना ही सोय फार उपयोगी. हिचा एक ऑटो प्रकारही आहे. रेघ जवळपास आडवी दिसली की सॉफ्टवेअर स्वतःच ठरवतं, हिला सरळ जायचं असणार, आणि सरळ करून टाकतं. विचारत नाही. लोकांना न विचारता निर्णय घेणाऱ्यांची मला मनापासून चीड आहे, आणि दिवसभर मी अशाच एकाबरोबर काम करते.

गावचा रस्ता मावशींच्या गोठ्यापाशी किंचित वाकून जातो. कागदी नकाशात ते वळण इतकं बारीक होतं की सॉफ्टवेअरला वाटलं, काढणारीचा हात हलला. त्याने रस्ता सरळ केला. सरळ रस्ता गोठ्यातून गेला. मंदिराचं भोक राहिलं, शाळेचं राहिलं, गोठ्याचं भोक रस्त्याच्या फटीने गिळलं.

हे सगळं मी मावशींना समजावलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हंजी गोठा पाडायचं मशीननं ठरिवलं?"

"पाडायचं नाही हो, फक्त पाटीवर..."

"फक्त? त्या नारायणरावनं पाटीपुढं नारळ फोडला!"

नारायणराव म्हणजे रस्त्यापलीकडचे शेजारी. गोठा रस्त्यात आलाय, हे ते कधीपासून सांगत होते. कोणी ऐकत नव्हतं. त्या गावात कागदी नकाशाला कोणी विचारत नाही. पण पाटी बघून लोक म्हणाले, "कागदावर कुणीबी लिवतं. पत्र्यात कापलंय म्हंजी मंजूरच झालं." बुलडोझर येणार म्हणून मावशींनी म्हशी गोरेगावला भावाकडे हलवल्या होत्या. नव्या जागी म्हशी पान्हा चोरत होत्या, दूध देत नव्हत्या.

आमचे मालक रफिकभाई चहा घेऊन आले. "इतनी क्या तकलीफ? वळण टाक, नवा पत्रा काप."

मावशी लगेच खुर्चीवर टेकल्या. "टाकूनच राहिली तर जरा मोठं टाक, बाई. कडब्याची गंजीबी बसंल."

"नाही," मी म्हणाले. "रस्ता कोणाच्या मावशीचा नसतो."

सरपंचांना ठसका लागला.

"रस्ता जितका वाकडा आहे, तितकाच वाकडा मी कापणार. म्हशींच्या बाजूने नाही, नारळाच्याही बाजूने नाही. मोजल्याशिवाय एक रेघ काढणार नाही!"

"बेटा," रफिकभाई म्हणाले, "ये पत्रा है, मोर्चा नहीं."

तरी मी टेप आणि लॅपटॉप घेऊन सरपंचांच्या जीपमध्ये बसले.

टेपचं एक टोक मावशींच्या हातात, दुसरं नारायणरावांच्या. दोघंही टोक हळूच आपल्या सोयीने सरकवायचे. शेवटी मी सरपंचांना चपला काढायला लावल्या आणि एकेक टोक एकेका चपलेखाली दाबून ठेवलं. मोजलं तेव्हा दिसलं, की मावशींच्या गोठ्याची गव्हाण, म्हशींना चारा टाकायची, रस्त्यात आलेली होती. आणि समोरून नारायणरावांचा नवा ओटाही तितकाच पुढे आलेला होता. ओटा कोणाच्याच नकाशात नव्हता.

"ओटा काहून मोजून राहिली?" नारायणराव म्हणाले.

"रस्त्यात आहे म्हणून."

"ओटा बसायला असतो. गोठा घाण करतो."

"माझ्या म्हशी तुज्यावानी दिवसभर बसून चुगल्या तरी करत न्हाईत," मावशी म्हणाल्या.

मी त्याच ओट्यावर बसले, ऑटो कन्स्ट्रेंट बंद केला आणि मोजलेला एकेक बिंदू टाकून रस्ता काढला. लॅपटॉपवर त्या जागी रस्ता मुंगीच्या कंबरेएवढा झाला. सगळे वाकून बघू लागले.

"असंच कापणार?" नारायणरावांनी विचारलं.

"असंच."

"आमची नावं?"

"नावं नाहीत. पण फाट्यावर उभं राहिलेल्याला कळेल, रस्ता कोणी दाबलाय."

"पावणे त्याच फाट्यावर उतरतात," ते हळूच म्हणाले. "अन् पाटी टिकते किती?"

"वर पावडर कोटिंग आहे, गंज धरत नाही. नातवंडांना दिसेल."

मावशी आणि नारायणराव एकदमच म्हणाले, "जरा थांब."

नारायणरावांनी ओटा स्वतः फोडला, तेही मावशींच्या आधी, मोठा आवाज करत. मावशींनी गव्हाण आत घेतली, आणि नारायणरावांपेक्षा वीतभर जास्तच आत घेतली. मी पुन्हा मोजलं. आता ट्रॅक्टर ट्रॉलीसकट जातो. गोठा जागच्या जागी आहे, म्हशी परत आल्या आहेत. गोठ्यापाशी रस्ता अजूनही थोडा वाकतो, आणि नव्या पाटीवर तो तेवढाच वाकतो. पाटी बसवली तेव्हा मावशींनी गोठ्याच्या भोकातून बोट आरपार घालून खात्री करून घेतली.

मागच्या आठवड्यात सरपंचांचा फोन आला. "ताई, देवळामागच्या गल्लीचाबी नकाशा करायचा हाय."

"साइज काय?"

"कापायचा न्हाई हो. तुमी नुसता टेप घेऊन या, अन् कापणार म्हणून मोठ्यानं सांगा."

मी जाणार आहे. धडा मात्र तांत्रिकच आहे: गेट काढून झालं की ऑटो कन्स्ट्रेंट बंद करावा, आणि मगच गावाला हात घालावा.