आतून हात लावू नका

देवगाव फाट्यावर एसटीची वाट पाहत होतो, तिथं सटवाजींचा मुलगा भेटला. भादरलेल्या डोक्यावर नुकते केस उगवू लागलेले. “साहेब, आबा गेले... महिना झाला,” म्हणाला. सटवाजी आमच्या कालव्याच्या मोजणी पथकात खलाशी होते, म्हणजे साखळी-झेंडे उचलणारे मदतनीस, रोजंदारीवर. सगळे त्यांना मामा म्हणत. मी मात्र नावानं हाक मारी. मी सर्व्हेअर, त्यांच्या निम्म्या वयाचा आणि स्वभावानं पक्का संशयी.

काही वर्षांपूर्वी, दुष्काळानंतरच्या पावसाळ्यात जिंतूरजवळ आमचा तळ पडला. नकाशांच्या तंबूचं छत फाटलं होतं, नवं निवडायचं होतं. मी प्लॅस्टिकवर अडून बसलो. सटवाजी म्हणाले, “लय दमट हवा हाय साहेब. प्लॅस्टिकखाली आपल्याच वाफेचं पाणी व्हतंय. जाड सुती कापड घ्या, त्यातून वाफ जातीय, अन् भिजून सूत फुगलं की पाणी आडतंय. फकस्त पावसात आतून हात लावू नका.” कापड आलं, पण माझ्या मनात आलं, दुकानदाराशी यांचं साटंलोटं असणार. आणि हात का नको? काहीतरी लपवायलेत!

पाऊस लागला. दर घटकाभरानं उठून मी टेबलावर चढे आणि छताला बोटं लावून ओल उतरतेय का ते बघे. चौथ्या दिवशी नेमकी नकाशांवर धार लागली. “हेच का तुझं कापड?” मी ओरडलो. सटवाजींनी बराच वेळ वर पाहिलं, मग माझ्याकडे. बोलले काहीच नाहीत. ती मला कबुलीच वाटली. मी अहवालात लिहिलं, कापड निकृष्ट, खलाशी भरवशाचा नाही. त्यांना कायम करण्याचा कागद त्याच महिन्यात वर जायचा होता... तो गेला नाही. टाकून दिलेलं कापड त्यांनी मागून नेलं, तेव्हा तर माझी खात्रीच पटली, हाच डाव होता.

परवा पोखर्णीला त्यांच्या घरी गेलो. पाऊस सुरू होता. अंगणात तेच कापड ताणून बांधलेलं, खाली कडबा कोरडा ठणठणीत. “हे तर तंबूत गळलं होतं,” मी म्हणालो. सटवाजींची बायको म्हणाली, “ओल्या कापडाला बोट लावलं की तिथूनच पाणी उतरतंय. तुमच्या बोटांचे ठसे दिसले व्हते म्हणं त्यान्ला.”

“मग बोलले का नाहीत?”

“आधी सांगितलं व्हतं की. दुसऱ्यांदा सांगून तुमी मानलं असतं का?”

नसतंच मानलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सांत्वनाला आलो होतो, आता माफी मागायची होती, आणि ज्यांची मागायची ते नव्हते. मी तसाच भिजत उभा. तिनं कापडाखाली पोतं अंथरलं.

“बसा साहेब, हितं गळत न्हाई.”