बसलेल्या केकचा लिलाव

आमचे शेजारचे काका नौपाड्याच्या बाजारात कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी भाजीवालीला रडकुंडीला आणतात. पण परवा चर्चमध्ये त्यांनी कमालच केली! पिकापाण्याबद्दल देवाचे आभार मानायचा हंगामाचा सण होता आणि लोकांनी घरून आणून अर्पण केलेल्या वस्तूंचा लिलाव चालला होता. एका घरच्या नव्या सुनेचा पहिलावहिला केक पुढे आला, मधोमध चांगलाच बसलेला. कुणी बोलीच लावेना. पोरीची मान खाली गेली.

काका ताडकन उठले. "शंभर!"

शंभराच्या वर कुणी जाईना. काकाच पुन्हा ओरडले,

"दोनशे!"

"अहो काका, तुमच्या वर कुणी बोली लावलीच नाही!" लिलाव पुकारणारा म्हणाला.

"माहितीये रे. तीनशे!"

अख्खं चर्च खदखदून हसलं, सूनबाईसुद्धा.

"काका, एवढे कशाला?" मी विचारलं.

माझ्या तोंडात केक कोंबत ते म्हणाले, "अरे, प्रभूनं आपला जीव मोजून मला विकत घेतलं तेव्हा मी काय याहून बरा होतो?"