मोताळ्याच्या बाजारदिवशी हिब्रू

किस्से जमवावे लागत नाहीत. चार माणसं एका टेबलाभोवती बसली आणि त्यांच्यात धड कोश एकच असला, की ते आपोआप साचतात. आमच्याकडे तर पोतंभर झालेत!

आम्ही चौघं. शिकवणारे पास्टर साहेब. जळगाव जामोदहून एसटीनं येणाऱ्या शोभाताई, रिटायर्ड शिक्षिका. देविदास, रिटायर्ड कंडक्टर. आणि मी, भाजीवाली. मोताळ्याचा बाजार उठला की चर्चच्या हॉलमध्ये बसून बायबलची हिब्रू शिकतो. मी ख्रिस्ती नाही. दवाखान्यात पडून होते तेव्हा एका नर्सनं बायबल वाचायला दिलं. त्यात सासू-सुनेची गोष्ट सापडली. विधवा सून दुसऱ्यांच्या शेतात सरवा वेचते, कापणीनंतर मागे पडलेली कणसं. अहो, सरवा मीही वेचलाय! भाषांतर करणाऱ्यानं मधल्या मधे काय खाल्लं, ते मला स्वतः पाहायचं होतं.

शाळा माझी चौथीपर्यंत. हिब्रूचे कोश इंग्रजीत, म्हणून आधी मुलाच्या पुस्तकांवरून इंग्रजी शिकले. तेवढ्यात डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "आजी, पडदा चाललाय. जे वाचायचं असेल ते लवकर वाचून घ्या."

मग मला कोण थांबवणार?

०

पहिल्याच दिवशी पास्टरांनी मोठा कोश हातात दिला. त्यात शब्द अक्षरक्रमानं नसतात, आपापल्या मूळ धातूखाली असतात. संध्याकाळ गेली, एक शब्द सापडेना. मी तापले.

"पास्टर साहेब, बाजारात मानूस शोधाचा असला तर तुमी त्याच्या खापरपंज्याचं नाव इचारता काय?"

"इथं तेच विचारावं लागतं, मावशी," ते शांतपणे म्हणाले.

पुढच्या बाजाराला मात्र ते माझ्यासाठी अक्षरक्रमाचा छोटा कोश घेऊन आले. शोभाताईंनी दोन्ही उघडून शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाल्या, "समजलं! छोट्यात शब्दाचं सासर कळते, मोठ्यात माहेर."

तेव्हापासून कोणता कोश घ्यावा असं कुणी विचारलं, की मी सांगते: शोध सासरी घ्या, पण माहेर पाहिल्याशिवाय सोयरीक ठरवू नका!

०

देविदासला दोन्ही कोश नको होते. त्याला आवडला तो प्रत्येक शब्दाला नंबर दिलेला ग्रंथ.

"मले शब्द नका सांगू, नंबर सांगा. जल्मभर तिकिटंच फाडली!"

खरंच, नंबर ऐकला की त्याच्याकडे अर्थ हजर. पण एका शब्दाचे अनेक अर्थ असले, तर या ओळीत कोणता घ्यायचा हे तो ग्रंथ सांगत नाही. एकदा चहाआधीची प्रार्थना देविदासकडे होती. हिब्रू ओळ घेतली आणि मराठी करत सुटला. दया, माया, कृपा, प्रीती, निष्ठा, भलाई... संपेचना. चहावर साय धरली.

मी डोळे उघडले. "अरे, एक कोनता तरी निवड नं!"

"काऊन? सगळेच दिले हायेत त्यानं. मंग अर्ध्या रस्त्यात पॅसेंजर काऊन उतरवू?"

०

हिब्रूत स्वर म्हणजे अक्षरांखालचे बारीक ठिपके. त्यामुळे ग्रंथ घेताना मी आधी छपाई पाहते, मग विद्वत्ता. हे शहाणपण आम्हाला एका ठिपक्यानं शिकवलं. तो व्याकरणात कुठंच बसेना. शोभाताई म्हणाल्या, नियमाला अपवाद आहे. मी म्हटलं, छापणारा गाढव आहे. दोघी हमरीतुमरीवर आलो.

पास्टरांनी वाकून पाहिलं, नखानं तो ठिपका उचलला आणि तोंडात टाकला.

"तीळ आहे," ते म्हणाले.

संक्रांतीच्या आठवड्यात आम्ही आता पुस्तकं आधी झटकतो!

०

मोठ्या कोशाची पानं सुटली, तेव्हा तो बाइंडर सलीमभाईंकडे दिला. परत आला तो देखणा, सोनेरी पट्टी मारलेला. उघडला, तर शेवटचं पान पहिलं! कोश इंग्रजी पुस्तकासारखा डावीकडून उघडायचा. सलीमभाईंनी आतली हिब्रू पाहून पुठ्ठा उजवीकडून चढवला होता.

पास्टर काही बोलणार, तेवढ्यात कोश घेऊन आलेले सलीमभाई म्हणाले, "उर्दू जैसी सीधे हाथ से चलनेवाली लिखावट है न, मावशी? उलटी कैसे बांधता? पूरी अदब से बांधा."

पास्टरांनी हात जोडले. मीही जोडले. आमचा कोश उलटा आहे, पण इतक्या अदबीनं बांधलेला कोश अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात दुसरा दाखवा!

०

आमच्यात एक नियम आहे, मीच केलेला. अडलं तर माणसाला विचारायचं नाही, कोशाला विचारायचं. ओळीखाली आयता अर्थ छापलेली पुस्तकंसुद्धा बंद. या नियमापायी मी शोभाताईंना रडवलंय आणि पास्टरांना गप्प बसवलंय.

यंदा त्या सासू-सुनेच्या गोष्टीचा शेवटचा अध्याय आला. पास्टरांनी माझ्यासाठी मजकूर मोठा करून आणला होता, एका पानावर दोन ओळी मावतील एवढा. मी वाचत गेले. गावच्या बाया सासूला तिच्या सुनेबद्दल सांगतात, त्या ओळीत एका शब्दाला अडले. मोठा कोश ओढला, भिंग लावलं. बारीक अक्षरांचं पान डोळ्यांपुढं नुसतं करडं. छोटा ओढला. तोही करडा.

तिघांनाही तो शब्द येत होता. शोभाताईंचे ओठ हलले. मी मान वर केली, तसे मिटले.

"मावशी, आजच्यापुरतं..." पास्टर म्हणाले.

"नाई! नियम म्हंजे नियम."

मी पान मिटायला घेतलं.

तेव्हा देविदास उठला. माझ्यासमोरचा मोठा कोश त्यानं उचलला, कोश होता त्याच जागी टेबलावर चढून मांडी घालून बसला आणि तो मांडीवर उघडा धरला.

"मी आता मानूस नाई, मावशी. कोश आहो. इचारा."

मी विचारलं.