न पाहिलेल्या गाडीचे मालक

आमच्या टोळीचे किस्से सांगायला बसलं की एक संपायच्या आत दुसरा आठवतो. कुठला आधी सांगावा हाच प्रश्न!

रोज संध्याकाळी परभणीत मुनीरभाईंच्या टायरच्या दुकानात आम्ही चौघं जमतो. हार्डवेअरवाले धिप्पाड शिवलिंगअप्पा, निवृत्त मास्तर जाधव सर, स्वतः मुनीरभाई आणि मेडिकलवाला मी. चौघांकडेही इलेक्ट्रिक गाड्या बनवणाऱ्या एकाच कंपनीचे शेअर आहेत, कारण अप्पांनी ते घ्यायला लावले. सरांनी तर निवृत्तीच्या पैशातला मोठा वाटा त्यात घातलाय. भाव पडला की सर पुन्हा पुन्हा आकडा विचारतात आणि अप्पा काउंटरवर हात आपटतात.

"माझ्या शब्दावर पैसे टाकलेत न्हवं? कंपनी बुडाली तर मोंढ्याच्या बाजारात तोंड दाखवणार न्हाई मी. पर इकू नका!"

*

एकदा पेपरात आलं की कंपनीच्या गाड्या खपेनात. अप्पांनी त्याच दिवशी पेपर बंद केला. "खोटारडे हायेत सगळे!"

पुढे त्याच पेपरात कंपनीला मोठी ऑर्डर मिळाल्याची बातमी आली. अप्पांना ती शेजारच्या सलूनमध्ये बसून वाचावी लागली. तिथूनच त्यांनी पेपरवाल्याला फोन लावला.

"उद्यापासून पुन्ना टाक. चांगली बातमी फुकट वाचली तर पचत न्हाई!"

*

सरांची रीत वेगळी. बातमी वाचायची, लाल पेनाने चुका काढायच्या आणि खाली दहापैकी मार्क द्यायचे. चारच्या वर अजून कुणी गेलं नव्हतं. "हेडिंगमधी भीषण आग, अन् आत निस्ता धूर!"

पण एका संध्याकाळी टीव्हीवर खरंच कंपनीची गाडी पेटलेली दिसली. एका चॅनेलवर समोरून, दुसऱ्यावर मागून, तिसऱ्यावर पार गच्चीवरून. सरांचा चेहरा उतरला.

"अप्पा, तीन गाड्या जळाल्या की हो!"

मुनीरभाईंनी डोळे बारीक करून नंबरप्लेट वाचली. "सर, गाडी एकच है. बेचारीकू तीन दफा जलाए!"

*

एकदा अप्पांच्या घरी चहाला गेलो होतो. मिडिया आपल्या कंपनीच्या मागे कशी हात धुऊन लागली आहे, यावर अप्पांचं भाषण रंगात आलं होतं. अप्पांच्या सौभाग्यवती महानंदाकाकूंनी चहा ठेवता ठेवता विचारलं, "ती गाडी चालती कशी? बसलाव का कवा?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. बसणं सोडाच, जवळून पाहिलीसुद्धा नव्हती!

"म्हंजे पोरगी न बघताच सोयरीक केली म्हना की!" काकू म्हणाल्या.

अप्पांनी कप खाली ठेवला. "गाडीत बसल्याबिगर आता मिडियाबद्दल चकार शब्द काढनार न्हाई!" आणि खरंच काढला नाही.

*

मग सरांचा भाचा पुण्याहून त्याच कंपनीची गाडी घेऊन परभणीजवळच्या पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला आला. आम्हीही तिथं जाऊन पोचलो. त्याच्या घरची मंडळी देवाच्या रांगेत उभी राहिली आणि आम्ही चौघं गाडीच्या!

भाचा भिडस्त. त्याने एकेकाला चक्कर मारून आणली, मग चौघांना एकत्र. अप्पांचं समाधान होईना. "एसी फुल कर. आता पळव!"

"काका, चार्जिंग संपत आलंय."

"अजून एक चक्कर रे. टीव्हीवाले म्हनतेत पळत न्हाई. बघू तर!"

तुरीच्या रानाशेजारी गाडी थांबली ती थांबलीच. भाच्याने कपाळाला हात लावला.

तेवढ्यात मोटरसायकलवरून बालाजी आला. हा सरांचा जुना विद्यार्थी, आता इथल्या एका दैनिकाचा वार्ताहर. त्याने लगेच मोबाईल काढला. "सर, हेडिंग तयार हाय! इलेक्ट्रिक गाडीनं भररस्त्यात दगा दिला!"

सर पांढरे पडले. "बालाजी, माझे पैसे हायेत रे ह्या कंपनीत."

बालाजी घुटमळला. अप्पा पुढे सरकले. आता हे मोबाईल हिसकावणार, अशी माझी खात्री होती.

"छाप," अप्पा म्हणाले. "पर समदं छाप. पोरगं नको नको म्हनत व्हतं, आमी चौघं चकरा मारत बसलो, म्हनून बॅटरी संपली. नाव माझं टाक. फोटो बी काढ!"

आणि कमरेवर हात ठेवून ते बॉनेटसमोर उभे राहिले. खरं सांगतो, त्या घडीला मला अप्पांचा लय अभिमान वाटला.

बातमी आली. 'हौस फिटली, बॅटरी संपली!' शब्द न् शब्द खरा. सरांनी लाल पेन काढलं, दोनदा वाचलं आणि खाली मार्क दिले. दहापैकी नऊ! असं कधी झालंच नव्हतं.

अप्पा भडकले. "एक मार्क कशाचा कापला?"

"फोटोत गाडी कुठं हाय? समदे तुमीच दिसायलाव!"

"मंग?" अप्पा म्हणाले, "मी काय उगंच उभा ऱ्हायलो व्हतो तिथं?"