धुण्याच्या दगडावरचा पाहुणा

चाकूरजवळच्या आमच्या तळ्यावर दसऱ्याच्या आधी एक माणूस रोज सकाळी दुर्बीण घेऊन बसायचा. आम्ही बाया तिथंच धुणं धुतो. मी जाऊन त्याला झापलं.

“काय रं, बायांकडं दुर्बीण लावून राहिलास? लाज हाय का न्हाई?”

“पक्षी बघून राहिलो, आजी. थंडीच्या आधी लांबून धोबी पक्षी येतो. शेपूट हलवत तुमच्याच दगडांवर बसतो.”

“बसू दे. तू तिकडं तोंड कर.”

वाद न घालता त्यानं आमच्याकडे पाठ फिरवली. ऊन थेट डोळ्यांवर यायचं, तरी रोज तसाच बसला. एका सकाळी तो पक्षी माझ्या बादलीजवळ उतरला.

“आला बघ तुझा पाहुणा,” मी हळूच म्हणाले.

पाठमोराच राहून त्यानं विचारलं, “वळू का, आजी?”

बायांनी गुडघ्यावर खोचलेल्या साड्या खाली सोडल्या, मी हो म्हणाले, तोवर पक्षी उडाला.

“आला एवढं कळलं, लई झालं,” म्हणून तो दुर्बीण पुसत बसला.

विचारून वळणारा पुरुष मी या वयात पहिल्यांदा पाहिला. दुसऱ्या दिवशी आम्ही सकाळी दगड मोकळे सोडले आणि धुणं दुपारी नेलं.