जास्वंदीच्या पट्ट्या

धुरावर इतका जीव लावणारा माणूस आमच्या टेमघरात दुसरा झाला नाही. माझे शेजारी भ्रमिष्ट होते असे सांगणाऱ्यांनी त्यांच्या गच्चीची एक पायरीही चढलेली नाही. मी रोज पहाटे चढत असे. कोळशावरच्या एका वीजकेंद्रात रसायनतज्ज्ञ म्हणून हयात घालवून ते येथे राहावयास आले होते. संध्याकाळी जास्वंदीच्या पाकळ्या कागदाच्या पट्ट्यांवर चोळावयाच्या, त्या जांभळ्या पट्ट्या दोरीला लावावयाच्या आणि पहाटेच्या दवातल्या आम्लाने कोणती लाल झाली हे तासन्‌तास पाहावयाचे, हा त्यांचा नेम. त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, म्हणत, "देवाला एक फूल उरत नाही, भावजी! सगळी यांच्या धुराला." ते मात्र क्षितिजाकडे पाहत पुटपुटत, "चिमणीतून निघतो तो गंधकाचा नुसता वायू. वाटेत ऊन लागते, ओल भेटते, आणि उतरतो तेव्हा त्याचे आम्ल झालेले असते. घरून निघालेला माणूस आणि मुक्कामी पोचलेला माणूस एकच असतो काय हो?"

वहिनींचा खोकला बळावला, तेव्हा आमच्या गल्लीमागचा सुताला खळ लावणारा सायझिंगचा कारखाना बंद करावा, असा अर्ज मीच लिहिला. सर्वांनी सह्या केल्या. तज्ज्ञांनी केली नाही. मालकाने त्यांना फोडले, असे लोक आजही सांगतात. साफ खोटे! मी समोर बसलो होतो.

"ईदला आठवडाभर त्याचा बॉयलर थंड होता," ते म्हणाले, "पट्ट्या तरी लालच. काजळी त्याची, हे आम्ल त्याचे नव्हे."

"मग कोणाचे?" मी गरजलो.

त्यांनी वहिनींकडे पाहिले. "माझे. चिमणी उंच बांधली की धूर गेला, असे जन्मभर मीच लिहून देत आलो. तो गेला नव्हता. वाटेत होता."

वहिनींनी खोकला आवरला. "मग अर्जात तुमच्या वीजकेंद्राचे नाव घाला की! पहिली सही माझी."

दुसरी त्यांनी केली. त्या अर्जाला उत्तर आले नाही, आणि उत्तराची वाट पाहणारे तज्ज्ञही आता हयात राहिले नाहीत. पट्ट्या मी लावतो. सकाळी वहिनी कठड्यापलीकडून विचारतात, "आज काय रंग, भावजी?"

असत्य मी कोणाचेही खपवून घेत नाही. लाल पट्टी मुठीत धरून मी म्हणतो, "जांभळा," आणि राखून ठेवलेले एक फूल त्यांच्या देवासाठी पुढे करतो.