ठाण्यावरच्या टाचण्या

दुपारी दोनच्या सुमारास कूलरचा वारा भिंतीवरच्या नकाशाला लागायचा आणि सगळं नागपूर हळूच हलायचं. शोभाताई खुर्चीत बसून अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी ते बघत राहायच्या. जुन्या महाल भागातल्या गल्ल्या फुगायच्या, शहराच्या टोकाच्या हुडकेश्वरचे मोकळे प्लॉट सळसळायचे.

शोभाताई पोलीस हवालदार. तेहतीस वर्षांच्या नोकरीतली एकोणीस वर्षं त्यांनी पोलीस आयुक्तालयातल्या या खोलीत, या नकाशासमोर काढली. लाल टाचणी बलात्काराची, पिवळी विनयभंगाची. ठाण्यांवरून माहिती यायची आणि शोभाताई टाचणी टोचायच्या. गुन्हा रस्त्यावर घडला तर रस्त्यावर. घरात घडला तर मात्र टाचणी त्या भागातल्या ठाण्यावर जायची.

ही रीत त्यांनीच पाडलेली. सुरुवातीच्या दिवसांत एका वार्ताहराने लाल टाचणीवर बोट ठेवून गल्ली ओळखली, गल्लीवरून घर ओळखलं. आठवड्याभरात त्या घरातल्या पोरीची शाळा सुटली. शोभाताईंचा जीव इतका तळमळला, की त्यानंतर त्यांनी एकही घर नकाशावर दिसू दिलं नाही. पण हे त्यांनी कुठे लिहून ठेवलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. साहेब लोक येत गेले, जात गेले. ठाण्यांवर लाल टाचण्यांची गर्दी झाली. जागा नीट न कळलेल्या केसेस असतील, असं धरून सगळ्यांनी ती नजरेआड केली. उरल्या त्या सुनसान रस्त्यांवरच्या टाचण्या. मग तिथे दिवे लागले, गस्त वाढली. दिवे लागले ते बरंच झालं, त्याला कोण नावं ठेवील?

यंदा नव्या अधिकारी भैरवी मॅडम आल्या. त्यांना एक गाडी आणि चार महिला पोलीस मिळाल्या होत्या. ही गाडी नव्या वस्त्यांच्या मोकळ्या लेआउटमधून फिरवायची की शाळाशाळांतून न्यायची, ते शनिवारी ठरणार होतं. मॅडमनी नकाशा बघितला, शोभाताईंचं तोंडभरून कौतुक केलं आणि म्हणाल्या, उत्तर तर समोरच आहे, लेआउट. शोभाताई महिनाअखेरीला निवृत्त व्हायच्या होत्या. निरोपाच्या दिवशी या नकाशासमोर फोटो काढायचा, असंही ठरलं.

त्या दुपारी शोभाताईंचा डोळा लागला. त्या नकाशात चालत होत्या. ऊन मऊ होतं, रस्ते रिकामे होते. ठाण्याचं अंगण मात्र पोरींनी गच्च भरलेलं. कोणी गणवेशात, कोणी ओल्या केसांची, एकीच्या हातात अर्धी पोळी. कोणी रडत नव्हतं. सगळ्या नुसत्या उभ्या होत्या, चुकीच्या स्टॉपवर उतरवल्यासारख्या. पोळीवाली जवळ आली आणि अगदी शांतपणे म्हणाली, “मावशी, आमी इथल्या नाही वं.”

शोभाताई जाग्या झाल्या तेव्हा कूलर चालूच होता. त्यांनी कपाट उघडून ठाण्यांवरून आलेले जुने तक्ते काढले. आरोपीच्या रकान्यात तेच ते येत होतं: मामा, शेजारी, शिकवणीचे सर, लग्नाचं वचन दिलेला. वेळ बहुतेक दुपारची. हे सगळं त्यांना तुकड्यातुकड्याने ठाऊक होतं. एकत्र मात्र त्यांनी ते कधी बघितलं नव्हतं, आणि दुसऱ्या कोणाला बघू दिलं नव्हतं. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

संध्याकाळी त्या मॅडमकडे गेल्या आणि सगळं सांगून टाकलं. मॅडमनी जुने तक्ते मागून घेतले, पानं उलटली. मग म्हणाल्या, “शोभाताई, एकोणीस वर्षं आपण पोरींना रस्त्याची भीती घालत आलो.”

“हो मॅडम. मले त्यायची घरं झाकायची होती. झाकली गेली ती माणसं.”

मॅडमनी त्यांना सोडलं नाही; बोलायचं ते बोलल्याच. फोटोचा विषय पुन्हा निघाला नाही. पण शनिवारी गाडी शाळांकडे न्यायचं ठरलं आणि पहिल्या दिवशी शोभाताईंनाही तीत बसवलं.

हुडकेश्वरच्या एका शाळेत सातवीच्या पोरी सतरंजीवर बसल्या होत्या. अंधारात जाऊ नका, अनोळखी माणसाशी बोलू नका, हे त्यांना पाठच होतं. शोभाताईंनी सुरुवात करताच त्यांनी एका सुरात ते म्हणून दाखवलं. शोभाताईंनी ऐकून घेतलं. मग आपल्या ठसक्यात सांगितलं, की ओळखीचा माणूसही असं करतो, आणि केलं तर चूक त्याची असते, पोरीची नसते. बाहेर कुठेतरी शिलाई मशीन चालत होतं, तेवढाच आवाज.

घंटा झाली, पोरी उठल्या. एक तेवढी सतरंजीचं टोक दुमडत, उलगडत बसून राहिली. शोभाताईंचे गुडघे दुखत होते, तरी त्या तिच्याशेजारी खाली बसल्या. काही विचारलं नाही. खिडकीतलं ऊन सतरंजीवरून सरकत दोघींच्या पायांपर्यंत आलं.

“मावशी,” पोरगी खाली बघतच म्हणाली, “घरातल्याचं बी सांगता येते का?”

“येते,” शोभाताई म्हणाल्या. “सांग. मी ऐकून राहिली.”